वाफसा सांभाळा: मुंबईतल्या लॉनची वर्षभराची निगा

ऑगस्ट उजाडला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एकच तक्रार सुरू होते: एवढा पाऊस पडतोय, तरी लॉन पिवळं का? माळी युरिया मागतो, कमिटी पोतं आणून देते. चार दिवस पाती हिरवी दिसतात आणि सप्टेंबरात त्याच जागी तपकिरी चट्टे उठतात. ऑक्टोबरात गवताच्या नव्या चटया विकत आणून अंथरल्या जातात. पुढच्या ऑगस्टला पुन्हा तेच.

हे दुखणं पात्यांचं नाही, मातीचं आहे. ते कळण्यासाठी शेतकऱ्यांचा एक शब्द पुरतो: वाफसा. मातीच्या कणांमध्ये बारीक-मोठ्या पोकळ्या असतात. पाऊस पडला की सगळ्या पाण्याने भरतात. मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं आणि तिथे हवा शिरते, बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून राहते. ओलही आहे आणि हवाही आहे, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने ढकलला की तो भुसभुशीत फुटतो, ही अवस्था म्हणजे वाफसा. शेतकरी वाफशाशिवाय रानात पाऊल घालत नाही. लॉनची जवळजवळ सगळी निगा याच एका गोष्टीभोवती फिरते.

गवताच्या मुळांना प्राणवायू लागतो. तो मिळाला तरच मुळं अन्नद्रव्यं ओढू शकतात. माती आठ-पंधरा दिवस पाण्याने तुडुंब राहिली की खत शेजारी पडून असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. शिवाय हवा नसलेल्या मातीतले जीवाणू नत्राचं वायूत रूपांतर करतात आणि उरलेलं पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून भर पावसात टाकलेला युरिया बराचसा वाया जातो. जो थोडा गवताला पोचतो त्याने कोवळी, लुसलुशीत वाढ होते, आणि बुरशीला नेमकी तीच हवी असते.

पाण्याचा हिशेब बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. सांताक्रूझच्या नोंदीत जुलै महिन्याची सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दिवसाला सुमारे ३० लिटर. ढगाळ हवेत त्याच चौरस मीटरवरचं गवत दिवसाला फार तर २-३ लिटर पितं. बाकीचं पाणी कुठे जाणार, याचं उत्तर ज्या लॉनकडे आहे तेच टिकतं. मुंबईत उन्हाळ्याने मरणाऱ्या लॉनपेक्षा पावसात गुदमरून मरणारी लॉन जास्त असतात. उन्हाळा फक्त मुळं आधीच गेलेली आहेत हे दाखवून देतो.

आधी एक ढेकूळ काढून बघा

खतावर पैसे घालण्यापूर्वी खुरप्याने लॉनचा एक तुकडा उचला, हाताच्या पंजाएवढा रुंद आणि १० सेंटिमीटर खोल. तो उभा धरून बाजूने नीट बघा. वर पाती, त्याखाली वाळक्या धाग्यांचा तपकिरी थर, मग माती. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट बदामी असतात, ओढली तर तुटताना किंचित प्रतिकार करतात आणि किमान ७-८ सेंटिमीटर खाली गेलेली दिसतात. मुळं काळपट असतील, बोटांत धरताच त्यांची साल सुटून आत दोरा उरत असेल, तर ती कुजलेली आहेत. मुळं वरच्या २-३ सेंटिमीटरमध्येच अडकली असतील तर खालची माती घट्ट आहे किंवा रोज थोडंथोडं पाणी देऊन त्यांना वरच राहायची सवय लागली आहे.

आता वास घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास आणि मातीत काळा पट्टा दिसला तर तिथे हवा पोचलेली नाही.

तपकिरी धाग्यांचा थर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर असेल तोवर ठीक. त्याहून जाड झाला की पाणी आणि खत त्यातच अडकतं, आणि पावसात तो भिजलेल्या गोणपाटासारखा मुळांच्या डोक्यावर बसून राहतो. मेक्सिकन लॉनमध्ये हा थर लवकर साचतो. पायाखाली गादीसारखं लागणारं लॉन पाहुण्यांना आवडतं, पण तो मऊपणा बहुतेक वेळा याच थराचा असतो.

पोडियमवरचं लॉन

मुंबईतली बरीचशी नवी लॉन जमिनीवर नाहीतच. ती पार्किंगच्या छतावर, २०-३० सेंटिमीटर मातीत उभी आहेत. कल्पना जुनीच आहे, मलबार हिलचं हँगिंग गार्डनही पाण्याच्या साठवणटाकीच्या छतावरच वसवलेलं आहे. पण उथळ माती खोल मातीपेक्षा जास्त ओली राहते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

भांडी घासायचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थेंब गळायचे थांबेपर्यंत वाट पाहा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. माती अशीच वागते. तळाशी पाण्याचा एक थर नेहमी अडून राहतो, आणि मातीची खोली जितकी कमी तितका तो थर मुळांच्या जवळ. म्हणून पोडियमवर नुसती लाल माती चालत नाही. लाल माती, भरड वाळू आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत हे २:२:१ प्रमाणात एकजीव केलेलं मिश्रण लागतं, त्याखाली मातीचे कण अडवणारं कापड आणि त्याखाली पाणी वाहून नेणारे प्लॅस्टिकचे ड्रेन सेल. वाळू नदीची किंवा धुतलेली भरड हवी. समुद्राची वाळू मिठामुळे चालत नाही. खडीची बारीक भुकटीही नको, ती पोकळ्या बुजवते आणि ओली होऊन वाळली की सिमेंटसारखी बसते.

दरवर्षी 'थोडी लाल माती टाकून घ्या' असं सहज सांगितलं जातं. १०० चौरस मीटरवर १ इंच माती म्हणजे अडीच घनमीटर. भिजली की तिचं वजन साडेचार टनांच्या घरात जातं. पाच वर्षं असं केलं तर छतावर वीस टनांहून जास्त बोजा नकळत चढतो, आणि लॉनची पातळी कठड्याच्या वर गेल्याने पाणी थेट लॉबीकडे वळतं. पोडियमवर माती वाढवायची नसते, बदलायची असते. त्याची रीत पुढे येईलच.

गवत कोणतं, आणि ऊन किती

नर्सरीतली नावं गोंधळात टाकणारी आहेत, म्हणून नावापेक्षा पान बघून घ्यावं. मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून विकलं जाणारं बारीक, दाट, सुईसारख्या पात्याचं गवत झोयसिया कुळातलं आहे. नाव मेक्सिकन असलं तरी मूळ पूर्व आशियातलं. ते मीठ बऱ्यापैकी सोसतं, ४-५ तास थेट उन्हावर भागवतं, पण जखम भरायला महिने घेतं. सिलेक्शन वन म्हणजे आपली हरळीच, निवडून काढलेली. गणपतीला वाहतो ती दूर्वा याच गवताची आणि क्रिकेटच्या मैदानांवरही हेच असतं. ते तुडवलं तरी पंधरा-वीस दिवसांत उभं राहतं, पण ६-७ तास ऊन नसेल तर विरळ होत जातं. तिसरं रुंद पानाचं. कोणी त्याला कार्पेट ग्रास म्हणतं, कोणी बफेलो. दिसायला जरा राकट, पण ३-४ तास उन्हात किंवा झाडाखालच्या कवडशांत तेच टिकतं.

समुद्राजवळच्या इमारतींत बोअरचं पाणी खारट येत असेल तर झोयसिया किंवा पास्पालम लावावं. हरळी काही प्रमाणात चालते, रुंद पानाचं गवत मात्र कडा जळून झिजत जातं.

उन्हाचा अंदाज मे महिन्यात घेऊ नका. मुंबईत मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, टॉवरची सावली त्याच्या पायाशीच पडते. जूनमध्ये तो किंचित उत्तरेला सरकतो. पण डिसेंबरात दुपारीसुद्धा तो दक्षिणेला साधारण ४७ अंशांवरच असतो आणि ६० मीटर उंच इमारतीची सावली ५५ मीटर उत्तरेकडे पसरते. म्हणजे इमारतीच्या उत्तरेला असलेलं लॉन मेमध्ये उन्हात न्हातं आणि नोव्हेंबर ते जानेवारी तीन महिने अंधारात राहतं. लोक म्हणतात थंडीने गेलं. मुंबईची थंडी या गवतांना फक्त मंद करते, मारत नाही. अशा जागी रुंद पानाचं गवत लावावं, आणि दोन-तीन तासही ऊन मिळत नसेल तर लॉनचा हट्ट सोडून सावलीतली पानझाडं किंवा खडीची वाट करावी. दरवर्षी चटया बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि बरं दिसतं.

मृगाच्या आधी

पावसाळ्याची तयारी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावी. पहिलं काम उताराचं. दर १० मीटरला १५-२० सेंटिमीटर उतार जमिनीवरच्या लॉनला पुरतो. पाण्याची नळी सोडून ठेवा आणि पाणी कुठे थबकतं ते बघा. ते खळगे आताच भरा, एका वेळी १ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, नाहीतर खालचं गवत गाडलं जातं. गटारांच्या जाळ्या उचलून आतला गाळ आणि मुळं काढा. पोडियमवर कापडावर बारीक माती साचून पाण्याची वाट बंद होणं हा नेहमीचा घोटाळा आहे, आणि त्याची पहिली खूण म्हणजे खालच्या पार्किंगमध्ये पाइपातून येणारी धार बारीक होणं.

दुसरं काम भोकं पाडण्याचं. हे पोकळ दात्यांच्या अवजाराने करावं. १२-१५ मिलिमीटर जाडीच्या मातीच्या कांड्या निघून वर येतात. नुसता सळीचा खिळा खुपसला तर भोक पडतं खरं, पण भोवतालची माती आणखी दाबली जाते. भोकं ८-१० सेंटिमीटर खोल आणि साधारण ७-८ सेंटिमीटरवर एक. पोडियमवर याहून खोल जाऊ नये, खाली वॉटरप्रूफिंग आहे. काम माती वाफशावर असताना. कोरड्या मातीत अवजार शिरत नाही आणि चिखलात भोकाच्या भिंती लिंपल्या जातात. आदल्या दिवशी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भोकं पाडा.

निघालेल्या कांड्या दताळ्याने गोळा करून काढून टाका आणि त्या जागी भरड वाळू व चाळलेलं गांडूळखत ४:१ प्रमाणात पसरून झाडूने भोकांत ढकला. ४ मिलिमीटरच्या थराला १०० चौरस मीटरला ४०० लिटर मिश्रण लागतं, म्हणजे १० लिटरची ४० घमेली. माती बदलायची असते म्हटलं ती हीच रीत. जड माती निघते, वाळू आत जाते, वजन फारसं वाढत नाही. दोन-तीन वर्षं हे केलं की वरच्या १० सेंटिमीटरचा पोतच बदलतो. भोकं न पाडता नुसता वाळूचा थर वर ओतला तर उलटा परिणाम होतो. घट्ट मातीवर वाळू बसते, पाणी दोहोंच्या सांध्यावर अडतं आणि मुळं त्या सांध्याखाली उतरत नाहीत.

शेवटचं नत्रखत जूनच्या पहिल्या आठवड्याआधी. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत युरियाचं पोतं बंदच ठेवा.

पावसात

पावसात करण्यासारखं कमी आणि टाळण्यासारखं जास्त. ओल्या लॉनवर चालणं टाळा; भिजलेली माती पावलाखाली कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त दबते. दोन-तीन फरशा टाकून पायवाट करून दिली तर लोक तिथूनच जातात. कापणी उघडीप मिळेल तेव्हा, दुपारी, पाती सुकल्यावर. नेहमीपेक्षा १ सेंटिमीटर उंच ठेवा. कमी उजेडात जास्त पान लागतं. आणि एरवी कापलेली पाती लॉनवर टाकली तरी पावसात ती गोळा करून उचलाच, नाहीतर चोवीस तासांत लगदा होतो.

लॉन पिवळं पडलं आणि ढेकळात मुळं पांढरी दिसली तर लोहाची फवारणी करावी. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून १०० चौरस मीटरवर, दोन दिवस उघडीप असेल तेव्हा. नत्राशिवाय रंग येतो, त्यामुळे वाढ ओढली जात नाही. शेजारच्या फरशीवर थेंब पडले तर लगेच धुवा, गंजाचे डाग निघत नाहीत.

वितभर ते ताटाएवढे गोल तपकिरी चट्टे, कडेला गडद ओलसर कड, आणि पहाटे त्यावर कोळिष्टकासारखे तंतू, ही बुरशी. रात्री उबदार आणि पाती दहा-दहा तास ओली, ही तिची आवडती हवा मुंबईत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत असते. पहाटे लांब बांबूने किंवा ताणलेल्या नळीने लॉनवरचं दव झटकणं हा बिनखर्चाचा आणि खरोखर उपयोगी पडणारा उपाय आहे. चट्टा कापताना मशीन शेवटी तिथे न्या आणि नंतर धुवा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, ही रोग येण्याआधी द्यायची गोष्ट आहे. १ किलो पावडर १०० किलो ओलसर गांडूळखतात मिसळून, सावलीत आठवडाभर झाकून ठेवून मेच्या वाळूबरोबर पसरली तर काम करते. चट्टे उठल्यावर टाकून फारसा फरक पडत नाही.

हिरवं-काळं शेवाळ रोगाचं नाही, निचऱ्याचं लक्षण आहे. ते खरवडून काढा, जागा टोचा, वरची फांदी छाटून उजेड येऊ द्या. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी लॉनपेक्षा कडेच्या झाडांचं जास्त नुकसान करतात. रात्री ओलं गोणपाट अंथरून सकाळी त्याखालच्या वेचणं सगळ्यात सोपं, हातमोजे घालून.

गणपती, नवरात्र आणि त्यानंतर

मंडप आणि गरबा, मुंबईतल्या लॉनला वर्षातले सर्वांत मोठे दोन धक्के नेमके पावसाच्या शेवटी बसतात, मुळं सर्वांत अशक्त असताना. प्लायवूडखाली उजेड बंद झाला की चार दिवसांत पाती पिवळी पडतात आणि आठवड्यानंतर खालचे धुमारेही उबून कुजू लागतात. लॉन टाळता येत नसेल तर प्लायवूड थेट गवतावर न टाकता लाकडी पाटांवर चढवा, म्हणजे खालून हवा खेळेल. गालिचे रात्री अंथरून सकाळी गुंडाळा. गरबा शक्यतो फरसबंदीवरच; ओल्या मातीवर नऊ रात्री नाचणाऱ्या पायांनी जे दडपतं ते रोलरनेही दडपणार नाही.

मंडप उतरल्यावर घाई करू नका. दताळ्याने पाती उभी करा, हलकं पाणी द्या आणि माती वाफशावर यायची वाट बघा. मग पुन्हा भोकं, पुन्हा वाळू. आठवड्याने नवे पांढरे कोंब दिसले की खत. धुमारे दाबून बघा: टणक आणि फिकट असतील तर गवत जिवंत आहे, पोकळ आणि करडे असतील तर तेवढाच तुकडा बदला.

ऑक्टोबर हा लॉनच्या जेवणाचा महिना. ऊन भरपूर, जमिनीत ओल, हवा परत आलेली. १०० चौरस मीटरला ५०० ग्रॅम युरिया, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश पुरे. तिन्ही १० किलो कोरड्या वाळूत मिसळा आणि दोन भाग करा. एक भाग उभ्या रेषांत चालत टाका, दुसरा आडव्या. पाती कोरडी असावीत आणि टाकल्याबरोबर भरपूर पाणी द्यावं, नाहीतर युरियाचे दाणे बसलेल्या जागी करपलेले ठिपके उठतात. फॉस्फेट वर्षातून एवढंच. युरियाची तेवढीच मात्रा फेब्रुवारीच्या शेवटी आणि एप्रिलच्या शेवटी. हरळी असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीला आणखी एक. झोयसियाला याहून जास्त दिलं तर फक्त तो गादीसारखा थर वाढतो. रासायनिक नको असेल तर प्रत्येक वेळी ५ किलो निंबोळी पेंड आणि २५ किलो चाळलेलं गांडूळखत. रंग उशिरा येतो, पण टिकतो.

पाणी

नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्याला १५-१८ मिलिमीटर, मार्चपासून पावसापर्यंत २५-३० मिलिमीटर. १०० चौरस मीटरला उन्हाळ्यात आठवड्याचे २५०० ते ३००० लिटर झाले. हे पाणी रोज थोडं देण्यापेक्षा दोन-तीन वेळा विभागून द्यावं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं नळी फिरवली तर वरचा १ सेंटिमीटर भिजतो, मुळं तिथेच राहतात, आणि एप्रिलमध्ये एक दिवस पाणीकपात झाली की लॉन माना टाकतं. वेळ पहाटे पाच ते सातची. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहतात.

स्प्रिंकलर किती पाणी देतो ते मोजायला सरळ भिंतीचे पाच-सहा डबे लॉनवर निरनिराळ्या जागी ठेवा आणि १५ मिनिटं चालवा. पट्टीने पाण्याची उंची मोजा. एका डब्यात ३ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ९ असतील तर 'लॉन मधूनच वाळतंय' याचं कारण समोर आलं. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसा. जिथवर सहज जातो तिथवर ओल पोचली. १२-१५ सेंटिमीटर जायला हवा. पावलांचे ठसे गवतावर उमटून राहू लागले आणि रंगात निळसर झाक आली की पाण्याची वेळ झाली, त्याआधी नाही.

टँकरचं, बोअरचं किंवा सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातलं पाणी वापरत असाल तर त्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटरने महिन्यातून एकदा मोजा. ४५० पीपीएमपर्यंत चिंता नाही. २००० च्या वर कोणतंच नेहमीचं लॉन सुखात राहत नाही. मधल्या पट्ट्यात मिठाचा थर मातीवर साचत जातो आणि पात्यांची टोकं जळतात. अशा वेळी दर तीन-चार आठवड्यांनी एकदा दुप्पट पाणी देऊन मीठ मुळांखाली धुऊन काढावं लागतं, आणि त्यासाठीही निचरा हवाच. पाऊस हे काम दरवर्षी फुकट करतो, तेवढा त्याचा उपकार.

कापणी आणि तण

एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. हरळी २ ते २.५ सेंटिमीटर, झोयसिया ३, रुंद पानाचं ५. वाढलेलं गवत एकदम खाली आणलं की खालचा पांढुरका भाग उघडा पडतो, उन्हाने भाजतो आणि मुळांची वाढ आठवडेच्या आठवडे थांबते. कापल्यावर एक पातं उचलून टोक बघा. सरळ, स्वच्छ रेष म्हणजे पातं धारदार आहे. टोक चिंध्या झालेलं आणि दोन दिवसांत पांढुरकं पडलेलं म्हणजे गवत कापलं नाही, फाडलं आहे; दुरून अख्खं लॉन राखाडी दिसतं आणि लोक पाणी वाढवतात. नायलॉन दोरीचं ब्रश कटर कडांपुरतं ठीक, पूर्ण लॉनवर ते फिरवू नये.

तणांमध्ये केना, आंबुशी, एकदांडी ही हाताने निघतात, फुलं येण्याआधी काढली की झालं. नागरमोथ्याचं तसं नाही. दांडा बोटांत फिरवा, तीन धारा लागल्या की तोच. त्याच्या गाठी एकमेकींना जोडून वितभर खोल जातात. वरून उपटला की एक गाठ जाते आणि शेजारच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. तरी उपाय उपटण्याचाच आहे, फक्त नेमाने. गाठीला साठा भरायला हिरवं पान लागतं, म्हणून दर दहा दिवसांनी, एकही फेरी न चुकवता, कोंब दिसताच काढत राहिलं तर दोन हंगामांत गाठी रिकाम्या होतात. बहुतेक वेळा तो आपणच आणलेला असतो, विकतच्या लाल मातीतून आणि कच्च्या शेणखतातून. गाडी उतरवून घेण्याआधी दोन घमेली माती चाळून बघा. काळसर, वाटाण्याएवढ्या, सुवासिक गाठी दिसल्या तर गाडी परत पाठवा.

हुमणी हा शेवटचा आणि सर्वांत फसवा शत्रू. पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंबासारख्या झाडांवर जमतात आणि पहाटे परतून मातीत अंडी घालतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या मुळं खातात. पाऊस आहे तोवर गवत बिनमुळांचंही हिरवं राहतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकाएकी वाळतं. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी लॉन उकरू लागले की तिथे दोन्ही हातांनी गवत धरून ओढा. सतरंजीसारखं उलगडून आलं तर खाली हुमणी आहे. अळ्या वेचा, माती मोकळी करा, मेटारायझियम बुरशीची पावडर कुजलेल्या खतातून मिसळा, उलगडलेलं गवत पुन्हा बसवून हाताने घट्ट दाबा आणि तीन आठवडे ती जागा ओलसर ठेवा. आणि जूनमध्ये त्या पहिल्या दोन-तीन संध्याकाळी लॉनजवळचे दिवे बंद ठेवून, दूर कोपऱ्यात एका दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवा. सकाळी त्यात पडलेले भुंगेरे मोजले की यंदा ऑगस्टमध्ये किती ठिकाणी खणून बघायचं ते ठरवता येतं.